बोटाला न लागलेला जोड

नाना, "जरा बाजूला व्हा" असं मी तुम्हाला पंधरा वर्षांत किती वेळा म्हणालो असेन? दर घरात, दर खोलीत. ट्रायपॉड लावायचा, कॅमेऱ्याला डोळा लावायचा, आणि फ्रेमच्या कडेला तुमची पांढरी टोपी दिसली की ओरडायचं. तुम्ही निमूट भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन उभे राहायचात आणि वर मलाच म्हणायचात, "घ्या मास्तर, केलं घर मोकळं तुमाला." या खेपेला मी काही न म्हणताच तुम्ही बाजूला झालात. बातमी आल्यापासून मी कॅमेऱ्याची बॅग उघडली नव्हती. काल उघडली. का उघडली, ते तुम्हाला सांगायचं आहे.

काल तुमचा दहावा होता. माणसं खूप आली होती. तुम्ही कुठकुठली दारं केलीत, कुणाकुणाचे देव्हारे केलेत, कुणाच्या घरी पानही न खाता निघून आलात, हे सगळं सांगणारे बरेच जण होते, त्यामुळे ते मी सांगत बसत नाही. मला एका जिन्याबद्दल बोलायचं आहे. आठ वर्षं मी तुमच्याशी त्याबद्दल बोलायचं ठरवतोय आणि आठ वर्षं टाळतोय. तुमच्यासमोर बसलो की चहा यायचा, तुम्ही काहीतरी थट्टा करायचात, मीही हसायचो आणि विषय राहून जायचा. आता तुम्ही थट्टा करू शकत नाही. आता मात्र सगळं सांगतो.

माझा धंदा तुम्हाला कधी धंदा वाटलाच नाही. लग्नाचे फोटो काढतो असं म्हणालो असतो तर तुम्हाला पटलं असतं. श्रीगोंद्याजवळच्या त्या फार्महाऊसवर, चहूबाजूंनी ऊस आणि मधे ती काचेची भिंत, तिथे आपण पहिल्यांदा भेटलो. आर्किटेक्ट मॅडमनी मला फोटोंसाठी बोलावलं होतं, आणि घरातलं सगळं लाकूडकाम तुमचं होतं. मी सोफ्यावरच्या उशा सरळ करत होतो. तुम्ही दारात उभे राहून बराच वेळ बघत होतात. मग म्हणालात, "रिकाम्या घराचं फोटू कोन बघतं हो?"

मी म्हणालो, "ज्यांना असंच घर बांधायचंय ते बघतात."

"आन् माणसं?"

"माणसं मधे आली की घर दिसत नाही, नाना."

"आसं व्हय," एवढंच म्हणालात. पण तुम्हाला ते पटलं नव्हतं हे तुमच्या मानेवरून कळत होतं. माझे वडील शाळेत शिक्षक होते हे तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत आणि त्या दिवसापासून मला मास्तर करून टाकलंत. "शिकवत न्हाई कायबी, पन सगळ्यान्ला भायेर काढतो, म्हंजी मास्तरच की." कामावरची बाकी माणसं खो खो हसली. मला राग आला होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण आता माझ्या बायकोने तुमची नक्कल करून "मास्तर" म्हटलं की मला बरं वाटतं.

तुमच्याकडून शिकलेली पहिली गोष्ट दाराची. त्याच घरात तुम्ही मला जेवणाच्या खोलीच्या दाराशी नेलंत, ते अर्धं उघडलंत आणि हात काढून घेतलात. दार तिथेच थांबलं. थोडं ढकललंत, पुन्हा थांबलं. "दार जितं सोडलं तितं थांबाया पायजे. आपसूक लागलं न्हाईतर आपसूक उगडलं, म्हंजी चौकटीत खोट हाय." मी आजही कुठल्याही घरात फोटो काढायला गेलो की आधी दारं अर्ध्यावर सोडून बघतो. मालक विचारतात काय करताय, मी सांगतो, उजेड बघतोय. खरं म्हणजे मी तुम्हाला बघत असतो. तुम्ही नसलेल्या घरांत दारं बहुतेक वेळा हळूहळू सरकतात.

आणि आपलं भांडण! ते तर पंधरा वर्षं चाललं आणि अर्धवटच राहिलं. मी खोली रुंद दाखवणाऱ्या लेन्सने हॉल काढायचो, कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुम्हाला दाखवायचो, आणि तुम्ही एकदा पडद्याकडे, एकदा हॉलकडे बघायचात. "ही खोली येवढी कुटं हाय? दोन म्हशी बांधल्या तर तिसरी दारात उभी ऱ्हाईल." मी सांगायचो, लेन्सचा गुण आहे तो, सगळेच असे काढतात. मग तुम्ही तुमच्या गावच्या, घोडेगावच्या गुरांच्या बाजारावर यायचात. तुम्ही एकही बाजार चुकवला नसेल. घ्यायचं काही नसायचं, नुसत्या म्हशी बघायच्या. त्या बाजारात म्हणे एक जण होता. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तो काचेच्या तुकड्याने खरवडून घ्यायचा, त्यांना तेल चोपडायचा आणि चकचकीत बैल बाजारात उभा करायचा. "बैल मरत न्हाई त्येनं, घेनाराचं घर मरतं. तुमचं काम त्याच जातीचं हाय, मास्तर. शिंगाला तेल."

मी चिडायचो. मी म्हणायचो, तुम्हीही लाकडाला पॉलिश करताच की. तुम्ही म्हणायचात, "पॉलिश केल्यावर लाकूड दिसतं. तेल लावल्यावर वय दिसत न्हाई." मी कॅमेरा आवरायला लागायचो. तुम्ही दर भेटीत बोलवायचात, "या येकदा बाजाराला, म्हशी दावतो," आणि मी दर भेटीत, पुढच्या बाजाराला नक्की, असं म्हणायचो.

आता जिना.

केडगावचा तो बंगला तुमचं सगळ्यांत मोठं काम होतं. आठ महिने तुम्ही तिथे होतात. मालकांना हवं होतं सागवान आणि तेही मूळ रंगातच. काळा रंग लावलेला नको, असं ते स्वतःच म्हणाले होते. खालच्या टप्प्याच्या कठड्याला बारा फुटांची सलग पट्टी हवी होती, आणि तेवढं लांब, गाठ नसलेलं लाकूड मिळेना. म्हणून तुम्ही दोन तुकडे घेतलेत. दोन्ही तिरके कापून एकमेकांवर बसवलेत, वीतभर लांबीचा जोड. एक तुकडा पिवळसर, दुसरा तांबूस. जोडाची रेघ स्वच्छ दिसत होती.

फोटो काढायला मी आलो त्या दिवशी तुम्ही मला डोळे मिटायला लावलेत. माझं बोट धरून कठड्याच्या खालच्या टोकावर ठेवलंत आणि म्हणालात, "चला वर. जोड आला की सांगा." मी बोट फिरवत वर गेलो. काही लागलं नाही. डोळे उघडले तर मी वरच्या टोकाला होतो आणि तुम्ही खाली उभे राहून हसत होतात. दात पडलेलं ते हसू. "डोळ्याला दिसू द्या, बोटाला लागला न्हाई पायजे. दोन झाडं हायेत. येकच हाय म्हनून कशाला सांगायचं लोकान्ला?"

वास्तुशांतीच्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं. पाहुणे झुंबर बघत होते, संगमरवर बघत होते. तुम्ही जिन्याच्या बाजूला, नव्या टोपीत, हात मागे बांधून उभे होतात आणि जिना चढणाऱ्यांचे हात बघत होतात. चेहऱ्यांकडे तुमचं लक्षच नव्हतं. मी जवळ आलो तर हळूच म्हणालात, "येकाचा बी हात आडला न्हाई." तुमच्या आवाजात एवढं समाधान मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या क्षणी तुमचा फोटो काढायला हवा होता. मी झुंबराचा काढला.

घरी आलो, फोटो कंप्युटरवर घेतले. जिन्याचा फोटो सुरेख आला होता, पण ती रेघ सारखी डोळ्यात जात होती. तुम्ही नावाजलेली तीच रेघ. मी ती पुसली. कुणी सांगितलं नव्हतं, ना मॅडमनी ना मालकांनी. हातात माऊस होता, पुसता येत होती, म्हणून पुसली. तांबूस तुकडा पिवळसर केला, वरून लाकडाच्या रेषा जुळवून घेतल्या. दोन मिनिटांचं काम. नाना, खरं सांगतो, मी स्वतःवर खूश झालो होतो. जोड कुठे होता ते मलाही सापडत नव्हतं.

तो फोटो एका मासिकात पूर्ण पानावर आला. मालकांनी तो मोठा करून, काचेची फ्रेम करून, नेमका जिन्याच्या शेजारच्या भिंतीवर लावला. जिना आणि जिन्याचा फोटो शेजारी शेजारी! मग कुणी पाहुणा एकदा त्याकडे बघेल, एकदा याकडे बघेल, याला किती दिवस लागणार? कुणीतरी विचारलंच, फोटोत सलग आहे, मग इथे तुकडा कसा? मालकांच्या मनात तिथून जे बसलं ते बसलं. त्यांना वाटलं, चांगला कठडा काढून तुम्ही नंतर जोडाचा बसवलात. तुमच्यावर त्यांनी तसा आळ घेतला, हे मला पुष्कळ उशिरा मॅडमकडून कळलं. तुम्ही ते मला कधीच सांगितलं नाही.

तुमचा फोन मात्र आला होता. दुपारची वेळ होती, मी गाडीत होतो. "मास्तर, मालक म्हनत्यात फोटूत जोड न्हाई. आसं कसं हुईल?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाना, मी पुसला, मी येतो आणि मालकांना सांगतो. एवढंच वाक्य होतं. पण मालकांकडून मला त्यांच्या भावाच्या बंगल्याचं काम मिळणार होतं, आणि फोटोत खाडाखोड करणारा अशी ओळख मला नको होती. मी म्हणालो, "लाईटची चमक आली असेल नाना, त्यात दिसला नसेल."

तुमच्या मागे कुणीतरी लाकूड कापत होतं, ते ऐकू येत होतं. मग म्हणालात, "व्हय, चमक आसंल," आणि फोन ठेवलात.

मालकांनी कुठूनतरी लांबून बारा फुटांचं एकसलग लाकूड आणवलं. तुम्ही तुमच्या हाताने तुमचा कठडा उतरवलात आणि दुसरा बसवलात. नव्या लाकडात एक मोठी गाठ होती, ती दिसू नये म्हणून वरून गडद रंग दिला. मूळ रंगाचं सागवान हवं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात आता फक्त जिन्याचा कठडा काळा आहे. माझ्या फोटोसारखं घर करायला निघाले आणि ते फोटोसारखंही राहिलं नाही, तुमच्यासारखंही नाही. त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. भावाच्या बंगल्याचं काम मिळालं, ते केलं. तुम्हीही तिथे होतात. आपण एकत्र जेवलो. तुमच्या डब्यातला ठेचा मी मागून घेतला. इतका कोडगेपणा माझ्यात आहे हे मला तेव्हाच कळलं.

त्यानंतर तुमच्यात एक बदल झाला, तो मला तेव्हा कळला नाही. दर घरात, मी कॅमेरा लावण्याआधी, तुम्ही मला सगळीकडे फिरवायचात. "हितं जोड हाय बरं का मास्तर. ह्या फळीला गाठ हाय. ह्यो खण दोन रंगाचा हाय." मला वाटायचं, वय झालं, आता प्रत्येक गोष्ट कौतुकाने दाखवायची सवय लागली. मी हो हो करायचो. पण तुम्ही दाखवलेलं मला पुसता येत नसे. बोटाखाली आलेलं असायचं ना. गेली आठ वर्षं मी एकही जोड पुसलेला नाही, नाना. मॅडम सांगतात, तुझ्या फोटोंत अलीकडे लाकूड लाकडासारखं दिसतं. मी त्यांना कारण सांगत नाही.

काल दहाव्याचं जेवण आटोपल्यावर तुमचा मुलगा म्हणाला, "घरी चला, आईला भेटून जावा." पंधरा वर्षांत मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो. लाज वाटत होती. काळ्या दगडाचा उंच ओटा, पाच पायऱ्या. गावातली सगळी घरं असतात तसंच घर. पण पायऱ्यांच्या कडेला दोन लोखंडी पाइप उभे केलेले आणि त्यांच्यावर एक लाकडी कठडा. मी वर चढायला त्यावर हात ठेवला आणि तिथेच थांबलो.

अर्धा तुकडा पिवळसर, अर्धा तांबूस. उन्हाने दोघांचाही रंग उडालेला, पण वेगळे ओळखू येत होते. दोन्ही बाजूंनी तुम्ही सारखं कापलं होतंत, त्यामुळे जोड बरोबर मधोमध आला होता.

काकू आतून बाहेर आल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्ये त्या केडगावच्या बंगल्याचं हाय. टेम्पोत घालून आनलं हुतं. म्या म्हनलं, लोकाचं टाकल्यालं कशाला घरात? तर म्हनले, टाकल्यालं न्हाई, पुसल्यालं हाय."

मी त्याच पायरीवर बसलो आणि सगळं बोलून टाकलं. कुणाला उद्देशून बोलत होतो कुणास ठाऊक, काकूंना की कठड्याला की तुम्हाला. काकू, तो जोड फोटोतून मी काढला होता. नानांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यांच्यावर आळ आला तो माझ्यामुळे आला.

काकूंनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "त्यान्ला म्हाईत हुतं. फोन ठिवल्यावरच म्हनले, मास्तरला खोटं बोलाया जमत न्हाई, आवाज हालतोय त्याचा. लई हासले त्या दिशी." आणि कठड्यावरून हात फिरवत, "हासले आन् मग जेवले न्हाईत."

"मग मला बोलले का नाहीत कधी?"

"म्या बी तेच म्हनायची. तर म्हनायचे, सांगितल्यावर त्यो भेटायचाच बंद हुईल. बाजाराला यतो म्हनलाय, येकदा यिऊ दे घरी. ह्या पायऱ्या चढताना बोटाला कळंल त्याला."

नाना, म्हणजे दर भेटीत तुम्ही मला म्हशी बघायला बोलवत होतात ते यासाठी. आठ वर्षं. आणि मी दर वेळी म्हणालो, पुढच्या बाजाराला नक्की.

मी रडलो. काकूंनी पाणी आणायला सुनेला हाक मारली. पाणी प्यायलो आणि उठलो. डोळे मिटले, बोट कठड्याच्या खालच्या टोकावर ठेवलं आणि पाच पायऱ्या चढलो. आठ पावसाळे आणि आठ उन्हाळे त्या लाकडाने उघड्यावर काढलेत. लाकूड खरखरीत झालंय, कुठे कुठे भेगा गेल्यात, त्या बोटाला लागल्या. जोड लागला नाही.

मग मी गाडीतून कॅमेऱ्याची बॅग आणली. साधी लेन्स लावली, पायऱ्या आहेत तेवढ्याच दिसतील अशी. कॅमेरा डोळ्याला लावल्याबरोबर काकू पदर सावरत भिंतीकडे सरकायला लागल्या. तुम्ही सरकायचात अगदी तशाच. "घ्या बाबा फोटू, मी हुते बाजूला," म्हणाल्या.

मी म्हणालो, "नका सरकू काकू. तिथंच थांबा, हात आहे तिथंच राहू द्या."